कोरलेला साचा आणि वाढवलेला साचा : सूक्ष्म धातुसाच्यांच्या निर्मितीपद्धतींचा तुलनात्मक अभ्यास

शाळेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने धातूच्या साच्यांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. म्हणून आरंभीच त्याचे कारण सांगतो.

मागील विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी आपल्याच वसतिगृहात वाढलेला एक माजी विद्यार्थी शाळेत आला होता. दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करून तो आज भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका टूलरूममध्ये काम करतो. मुलांना दाखवण्यासाठी त्याने टपाल तिकिटाएवढी निकेलची एक पट्टी आणली होती. नुसत्या डोळ्यांना ती जवळजवळ सपाट दिसे. भिंगाखाली धरली की तिच्यावर केसाहून बारीक भिंतींची जणू रांगोळी उमटलेली दिसे. सातवीतील एका मुलीने विचारले, “दादा, हे कोरलं कशानं?” तो हसून म्हणाला, “हे कोरलेलं नाही गं. हे वाढवलेलं आहे.”

मुलीला ते कळले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही कळले नाही. सायंकाळी वसतिगृहाच्या ओट्यावर बसलो असता त्याने आपल्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगितला. काही वर्षांपूर्वी तो ज्या कारखान्यात होता, तेथे रक्ततपासणीच्या प्लास्टिक चिपचा साचा करण्याचे काम आले. चिपवर ५० मायक्रॉन रुंदीच्या नलिका होत्या आणि एके ठिकाणी दोन नलिकांमधील अंतर अवघे ४० मायक्रॉन होते. ‘आपल्याकडे नवे मिलिंग मशीन आहे’ एवढ्या भरवशावर मालकाने काम स्वीकारले. त्या फटीत शिरेल असा ३० मायक्रॉनचा कटर मागवला. तो पोलादात मोडला, दुसरा मोडला, तिसराही मोडला. तीन आठवड्यांनी काम परत गेले आणि दोष आला तो मशीन चालवणाऱ्याच्या हातावर. तो म्हणाला, “सर, हात चुकला नव्हता. पद्धत चुकली होती. पण ते मालकाला पटवून द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते.”

या शेवटच्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. ज्यांच्या हातात हत्यार आहे त्यांच्याकडे त्याविषयीचे शब्द नसावेत, हा आपल्या समाजाचा जुनाच प्रश्न आहे. म्हणून गेले काही महिने मी या विषयाचा जमेल तसा अभ्यास केला. विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांची आणि त्या विद्यार्थ्याचीही मदत घेतली. त्या अभ्यासाचे सार येथे मांडत आहे.

१. सूक्ष्म साचा म्हणजे काय?

एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. काही मायक्रॉनपासून काहीशे मायक्रॉनपर्यंतचे आकार ज्याच्या अंगावर आहेत, तो सूक्ष्म साचा. तापवून मऊ केलेल्या प्लास्टिकवर तो दाबला जातो किंवा त्याच्या पोकळीत वितळलेले प्लास्टिक दाबाने भरले जाते. रक्ताचा एक थेंब तपासणाऱ्या चिप, बारीक दातेरी चाके, दिव्यांची आणि कॅमेऱ्यांची भिंगे अशा अनेक वस्तू या मार्गाने हजारोंच्या संख्येने तयार होतात.

येथे एक गोष्ट आधी मनात पक्की केली पाहिजे. साच्यावर सर्व काही उलटे असते. चिपवर नलिका हवी असेल, तर साच्यावर भिंत उभी करावी लागते. कोरणाऱ्याला नलिका खणायची नसते. नलिकेच्या आकाराची भिंत तेवढी शिल्लक ठेवून भोवतालचा सगळा धातू काढून टाकायचा असतो. दोन नलिका जवळजवळ असतील, तर दोन भिंतींमधल्या फटीत हत्यार शिरले पाहिजे. आपल्या विद्यार्थ्याचे कटर मोडले ते याच फटीत.

दुसरी गोष्ट प्लास्टिकच्या स्वभावाची. निवताना ते आकसते. अॅक्रिलिकसारखे प्लास्टिक साधारण अर्धा टक्का आकसते असे धरले, तर ५० मिलिमीटर लांबीच्या चिपमध्ये हे आकसणे पाव मिलिमीटर, म्हणजे २५० मायक्रॉन होते. जेथे भिंतीच ५० मायक्रॉनच्या, तेथे हे आकसणे क्षुल्लक म्हणता येत नाही. आकसलेले प्लास्टिक साच्याच्या भिंतींना घट्ट धरून बसते. भिंत खडबडीत असेल, किंवा मुळाशी अरुंद आणि माथ्याशी रुंद असेल, तर सोडवताना नग तरी फाटतो, नाहीतर भिंत तरी मोडते. म्हणून भिंत सरळ, गुळगुळीत आणि शक्य तर माथ्याकडे किंचित निमुळती हवी.

२. दोन जुन्या वाटा

सूक्ष्म साच्यांच्या पद्धतींची नावे नवी असली, तरी त्यांचे मूळ छापखान्याच्या इतिहासात सापडते. गुटेनबर्गच्या परंपरेत पोलादी कांडीच्या टोकावर कारागीर हाताने अक्षर कोरी. ती कांडी तांब्यावर ठोकली की तांब्यात अक्षराचा खोलगट ठसा उमटे. त्या ठशावर शिसे, कथिल आणि अँटिमनी यांचा रस ओतून खिळे पाडले जात. एकदा कोरलेल्या अक्षराची अशी हजारो बाळे होत. मुंबईत खिळ्यांच्या ओतशाळेत हे काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांना देखणे रूप दिले. १९२० मध्ये बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ लोकांच्या हाती पडले, ते अशाच ओतीव खिळ्यांच्या युगात. ही पहिली वाट : धातू कोरण्याची.

दुसरी वाट १८३८ च्या सुमारास सापडली. सेंट पीटर्सबर्ग येथे मोरिट्झ याकोबी यांना विजेच्या प्रयोगांत असे आढळले की, द्रावणातून पत्र्यावर साचलेला तांब्याचा थर सोलून काढता येतो आणि मूळ पृष्ठभागावरचा बारीकसा ओरखडाही त्या थरात उलटा उमटलेला असतो. या शोधातून विजेच्या साहाय्याने धातू ‘वाढवण्याची’ कला जन्मली. छापखान्यातील चित्रांचे ठसे, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि पुढे सीडी या सर्वांचे साचे या वाटेने झाले. सीडीवरील दोन लगतच्या रेषांमधील अंतर १.६ मायक्रॉन असते आणि खड्डे सुमारे एक दशांश मायक्रॉन खोल असतात. ते सारे एका निकेलच्या पातळ पत्र्यावर उलटे उमटवलेले असते. मूळ काचेवरून वाढवलेल्या पत्र्याला त्या धंद्यात ‘बाप’, त्यावरून वाढवलेल्याला ‘आई’ आणि शेवटी प्रत्यक्ष छाप उठवणाऱ्याला ‘मुलगा’ म्हणतात. बापातील दोष मुलात उतरतो आणि मुलाने उठवलेल्या प्रत्येक तबकडीत तो दिसतो.

आजच्या सर्व पद्धती या दोन कुळांत मांडता येतात. एक कोरणाऱ्यांचे कूळ, दुसरे वाढवणाऱ्यांचे. तुलनेची किल्ली येथेच आहे. कोरायचा धातू आपण हवा तेवढा कठीण निवडू शकतो. मर्यादा येते ती हत्याराच्या जाडीची. वाढवताना आकार हवा तेवढा बारीक मिळू शकतो; मर्यादा येते ती धातूची, कारण चांगल्या रीतीने वाढवता येणारे धातू मोजके आहेत. त्यांत निकेल मुख्य.

३. कोरण्याच्या पद्धती

(अ) सूक्ष्म मिलिंग. नेहमीच्या मिलिंगचेच हे लहान रूप. कार्बाइडचे १०० मायक्रॉन व्यासाचे कटर बाजारात सहज मिळतात; त्याहून बारीकही मिळतात, पण ते काचेच्या काडीसारखे नाजूक असतात. कडेचा वेग पुरेसा राहावा म्हणून फेरे फार वाढवावे लागतात. १० मिलिमीटरचा कटर मिनिटाला ३,००० फेरे फिरला, तर त्याच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे ९४ मीटर होतो. ०.१ मिलिमीटरचा कटर ३०,००० फेरे फिरवला, तरी तो वेग साडेनऊ मीटरच्याही आत राहतो. कटरच्या धारेलाही स्वतःची गोलाई असते. एका फेऱ्यात काढायचा धातूचा पापुद्रा त्या गोलाईहून पातळ झाला, की कटर कापत नाही, घासतो. मग धातू कडेला लोटला जाऊन ‘बर’ उभी राहते आणि ५० मायक्रॉनच्या भिंतीवरची बर हाताने काढणे जवळजवळ अशक्य असते.

शिवाय आतल्या कोपऱ्यात कटरच्या त्रिज्येएवढी गोलाई राहतेच. १०० मायक्रॉनच्या कटरने ५० मायक्रॉनपेक्षा लहान गोलाईचा आतला कोपरा निघणार नाही. हा भूमितीचा नियम आहे. कारागिराच्या कौशल्याने तो बदलत नाही.

असे असूनही मिलिंगचे गुण मोठे आहेत. उतार, घुमट, पायऱ्या असे उंचसखल आकार ते सहज देते. कठीण केलेल्या पोलादावरही ते चालते. आराखडा बदलला तर संगणकातील प्रोग्राम तेवढा बदलायचा. हिऱ्याच्या हत्याराने पितळ किंवा निकेल आरशासारखे कापता येते. मात्र पोलादावर हिरा टिकत नाही, कारण कापताना होणाऱ्या उष्णतेत हिऱ्यातील कार्बन लोखंडात मुरू लागतो.

(आ) ठिणगीने कोरणे. टूलरूममध्ये याला ईडीएम किंवा ‘स्पार्क’ म्हणतात. सोव्हिएत संघातील लाझारेन्को दांपत्याने १९४३ मध्ये ही पद्धत पुढे आणली. विजेच्या स्विचमधील ठिणग्यांनी धातू झिजतो तो थांबवावा कसा, हे ते शोधत होते. त्या झिजेलाच त्यांनी कामाला लावले. इलेक्ट्रोड आणि काम यांच्यामध्ये तेलासारखा द्रव असतो. प्रत्येक ठिणगी धातूचा एक कण वितळवून काढते. इलेक्ट्रोड कामाला स्पर्श करत नाही, त्यामुळे बारीक भिंतीवर बळ पडत नाही. धातू कितीही कठीण असो, वीजवाहक असला म्हणजे झाले.

सूक्ष्म कामासाठी इलेक्ट्रोडच बारीक हवा. १९८५ मध्ये जपानमध्ये मासुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकत्या तारेवर ठिणग्यांनीच इलेक्ट्रोड झिजवून बारीक करण्याची युक्ती मांडली. तिने १० मायक्रॉनपेक्षाही बारीक काड्या करता येतात. मात्र कामाबरोबर इलेक्ट्रोडही झिजतो, त्याचे टोक गोल होते आणि खोली चुकते. पृष्ठभागावर बारीक खड्डे राहतात आणि वितळून पुन्हा गोठलेल्या धातूची पातळ साय चढते. ती काढली नाही तर प्लास्टिक चिकटते. एकेका ठिणगीने होणारे हे काम संथही असते.

(इ) लेझरने कोरणे. येथे हत्यार झिजत नाही आणि मोडतही नाही. लांब स्पंदांचा लेझर धातू वितळवतो आणि कडेला थेंब साठवतो. अतिलघु स्पंदांचा लेझर धातू जवळजवळ न वितळवता उडवतो. तरीही भिंती किंचित उतरत्या होतात आणि तळ खडबडीत राहतो. उथळ नक्षीसाठी तो उत्तम; खोल आणि सरळ भिंतीसाठी त्याच्यावर विसंबू नये.

४. वाढवण्याच्या पद्धती

या कुळाचे काम तीन पायऱ्यांत होते. आधी प्रकाशाने किंवा वायूने एक तात्पुरता आकार तयार करायचा. मग त्या आकाराच्या फटींत विजेने निकेल भरायचे आणि ते वर येईपर्यंत, पाठीशी जाड पाट तयार होईपर्यंत वाढवत राहायचे. शेवटी तात्पुरता आकार विरघळवून टाकायचा. उरतो तो निकेलचा साचा. शाळेत आलेली ती पट्टी अशीच झाली होती.

(अ) लिगा. हे नाव जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे; अर्थ असा की, प्रकाशाने आकार रेखणे, विजेने धातू भरणे आणि साच्यातून नग काढणे. १९८० च्या सुमारास जर्मनीतील कार्ल्सरूह अणुसंशोधन केंद्रात बेकर, एर्फेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली. युरेनियमची समस्थानिके वेगळी करण्यासाठी त्यांना अतिशय बारीक फटींच्या नळ्या हव्या होत्या. सिंक्रोट्रॉन नावाच्या प्रचंड यंत्रातून निघणारे क्ष-किरण सोन्याच्या नक्षीच्या मुखपट्टीतून अॅक्रिलिकच्या जाड थरावर सोडले जातात. किरण लागलेला भाग विरघळतो. हे किरण जवळजवळ समांतर आणि अतिशय लहान तरंगलांबीचे असल्यामुळे खोलवर गेले तरी पसरत नाहीत. म्हणून भिंती जवळपास काटकोनात उभ्या राहतात, त्यांचा खडबडीतपणा मायक्रॉनच्या शतांशांत मोजावा लागतो आणि उंची रुंदीच्या पन्नासपट, कधी शंभरपटही मिळते. गुणवत्तेत या पद्धतीची बरोबरी दुसरी कोणतीही पद्धत करत नाही.

अडचण एकच, पण मोठी. सिंक्रोट्रॉन हे टूलरूममध्ये ठेवण्याचे यंत्र नव्हे. महूला अभिवादनासाठी जाणारे आपले लोक ज्या इंदूरवरून जातात, तेथील राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ हा सिंक्रोट्रॉन आहे. त्याच्या वलयाचा परीघ १७२ मीटरहून अधिक आहे आणि त्याच्या एका किरणरेषेवर क्ष-किरणांनी आकार रेखण्याची सोय आहे. अशा यंत्रावर संशोधनासाठी वेळ मागून घ्यावा लागतो. सोन्याची मुखपट्टी करणे हेही स्वतंत्र आणि खर्चाचे काम आहे.

(आ) अतिनील किरणांचा लिगा. क्ष-किरणांऐवजी अतिनील प्रकाश आणि अॅक्रिलिकऐवजी एसयू-८ नावाचे, प्रकाशाने घट्ट होणारे राळेसारखे द्रव्य यात वापरतात. हे द्रव्य १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएमने विकसित केले. दिवा, काचेची मुखपट्टी आणि स्वच्छ खोली एवढ्यावर काम होते; म्हणून याला गरिबांचा लिगा म्हणण्याचा प्रघात आहे. शेकडो मायक्रॉन जाडीचा थर एका बैठकीत रेखता येतो.

यात दोन दोष संभवतात आणि दोन्ही ओळखून असावेत. प्रकाश वरून येतो, त्यामुळे वरचा भाग अधिक घट्ट होतो आणि प्रमाण चुकले तर राळेची भिंत माथ्याशी रुंद होते. मग तिच्या शेजारच्या फटीत भरलेले निकेल वर अरुंद आणि तळाशी रुंद होते. साचा उलटा केला की तळ माथा होतो. म्हणजे निकेलची भिंत मुळाशी अरुंद आणि माथ्याशी रुंद होऊन बसते. प्लास्टिक तिच्यात अडकते. दुसरा दोष असा की, एकदा घट्ट झालेली ही राळ सहजासहजी विरघळत नाही. ती जाळून किंवा प्लाझ्माने काढावी लागते आणि फार तापवले तर निकेल मऊ पडते.

(इ) सिलिकॉनवरून वाढवणे. १९९० च्या दशकात जर्मनीतील बॉश कंपनीत लेर्मर आणि शिल्प यांनी सिलिकॉन खोलवर खाण्याची पद्धत शोधली. एक वायू तळ खातो, दुसरा भिंतींवर संरक्षक थर चढवतो आणि हे आळीपाळीने चालते. त्यामुळे खाच सरळ खाली जाते, पण भिंतीवर बारीक लाटा उमटतात. शिवाय अरुंद खाच रुंद खाचेपेक्षा हळू खाल्ली जाते. एकाच साच्यात दोन्ही असतील तर खोली सारखी राहत नाही. नंतर खाचेत निकेल भरायचे आणि सिलिकॉन गरम अल्कलीत विरघळवायचे. निकेलला त्याने अपाय होत नाही. पण सिलिकॉनचा मूळ आकार दरवेळी नष्ट होतो. दुसरा साचा हवा तर आरंभापासून सुरुवात, किंवा मग सीडीच्या ‘आई’सारखी मधली पिढी वाढवणे.

या तिन्ही पद्धतींत निकेल भरण्याचे काम धीराचे आहे. दर चौरस डेसिमीटरला एक अँपिअर वीज दिली, तर निकेल ताशी सुमारे १२ मायक्रॉन वाढते. दोन मिलिमीटर जाडीचा पाट हवा असेल, तर या गतीने सुमारे १६७ तास, म्हणजे जवळजवळ सात दिवस लागतात. वीज वाढवून घाई करता येते, पण मग धातूत ताण साठतो आणि साचा वाकतो. कडांवर विजेची गर्दी होऊन तेथे थर जाड होतो. अरुंद फटीत हायड्रोजनचा बुडबुडा अडकला तर तेथे खड्डा राहतो.

५. तुलना

आता दोन्ही कुळे समोरासमोर ठेवू. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारावेत.

पहिला : सर्वांत अरुंद फट किती आणि भिंतीची उंची रुंदीच्या किती पट? फट १०० मायक्रॉनहून रुंद आणि उंची दोन-तीन पट असेल, तर मिलिंग पुरते. फट त्याहून बरीच अरुंद असेल तर वाढवण्याकडे वळावे. उंची दहापटीच्या आसपास असेल तर एसयू-८ किंवा सिलिकॉन. त्याहून पुष्कळ अधिक असेल तर लिगा.

दुसरा : भिंत किती गुळगुळीत हवी? लिगा सर्वांत वर, त्यानंतर नीट केलेला एसयू-८, मग लाटा असलेले सिलिकॉन; मिलिंग आणि ठिणगी त्यांच्या मागे. प्रकाशासंबंधी वस्तू असेल तर हा प्रश्न निर्णायक ठरतो. त्यात हिऱ्याने कापलेल्या पितळाला किंवा निकेलला वेगळा मान आहे.

तिसरा : आकार एकाच उंचीचा आहे की उंचसखल? प्रकाशाने रेखलेले आकार नकाशासारखे असतात. सर्व भिंती एकाच उंचीच्या. उतार आणि घुमट हवे असतील, तर कोरणाऱ्यांच्या कुळाला पर्याय नाही.

चौथा : किती नग आणि कोणते प्लास्टिक? विजेने वाढवलेल्या नेहमीच्या निकेलची कठीणता विकर्स मापाने २०० च्या आसपास असते, तर कठीण केलेल्या साच्याच्या पोलादाची ६०० च्या घरात. काही हजार नगांना निकेल पुरते. लाखो नग हवे असतील आणि विशेषतः प्लास्टिकमध्ये काचतंतू मिसळलेले असतील, तर पोलादच हवे. निकेलमध्ये कोबाल्ट मिसळून कठीणता वाढवता येते, पण पोलादाची बरोबरी होत नाही.

पाचवा : आराखडा पक्का आहे काय? मुखपट्टी एकदा झाली की बदल म्हणजे नवा खर्च. आराखडा अजून बदलत असेल, तर आधी पितळावर मिलिंग करून जाडसर नमुना पाहावा.

६. तीन उदाहरणे

पहिले उदाहरण आपल्या विद्यार्थ्याच्याच कामाचे घेऊ. नलिका ५० मायक्रॉन रुंद आणि ५० मायक्रॉन खोल, फट ४० मायक्रॉन, सर्व एकाच उंचीचे, आरंभी काहीशे नग. पाचही प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेने जातात : एसयू-८ वर आकार रेखून निकेल वाढवावे आणि तो तुकडा पोलादी चौकटीत बसवावा. लिगाची गरज नाही, कारण उंची रुंदीच्या जेमतेम एक-सव्वापट आहे. मिलिंगचा मात्र येथे निभाव लागत नाही. त्याचा हात चुकला नव्हता, हे या उत्तरावरून सिद्ध होते.

दुसरे उदाहरण : एक मिलिमीटर उंचीचे, काही दशक मायक्रॉनच्या दातांचे चाक. दात एकमेकांवर घासणार, म्हणून भिंत सरळ आणि गुळगुळीत हवी. येथे लिगाचा खर्च सार्थकी लागतो.

तिसरे : शंकूसारख्या बारीक टोकांची रांग असलेला भाग, काचतंतूंच्या प्लास्टिकचा, लाखो नगांचा. येथे कठीण पोलाद, जाड काम मिलिंगने आणि अवघड कोपरे ठिणगीने.

दोन्ही कुळांची सोयरीकही होऊ शकते. लिगाने तांब्याचे इलेक्ट्रोड वाढवून त्यांच्या साहाय्याने ठिणगीने कठीण धातू कोरण्याचे प्रयोग झाले आहेत. आकाराची बारकी वाढवणाऱ्यांची आणि धातूची कठीणता कोरणाऱ्यांची, असा तो मेळ आहे.

समारोप

या अभ्यासाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो. श्रेष्ठ पद्धत अशी कोणतीही नाही. आकार, धातू आणि नगांची संख्या या तिघांना एकत्र मानवेल ती पद्धत योग्य. हा निर्णय पहिला धातू कापण्यापूर्वी, कागदावर, प्रश्न विचारून घ्यायचा असतो. नंतर तो घेता येत नाही. नंतर फक्त कटर मोडतात आणि माणसांना बोल लागतो.

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट नोंदवतो. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये बजावले होते. हत्यार धरणारा एक आणि विचार करणारा दुसरा, या विभागणीचे अवशेष आजच्या कारखान्यांतही दिसतात : आराखडा एक जण काढतो, पद्धत दुसरा ठरवतो, दोष तिसऱ्याच्या हातावर येतो. वर दिलेले पाच प्रश्न मशीन चालवणाऱ्याला विचारता आले, तर ही साखळी निदान एका ठिकाणी तुटेल. छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांत दहावीनंतर हे शिक्षण मिळते. आपल्या मुलामुलींनी तेथे जावे, मशीन शिकावे आणि मशीनमागचे कारणही शिकावे.

हा लेख छापण्यापूर्वी मी त्या विद्यार्थ्याला वाचून दाखवला. एसयू-८ च्या परिच्छेदात त्याने माझी एक चूक दुरुस्त केली. मग थोडा वेळ थांबून म्हणाला, “सर, याची एक झेरॉक्स द्या. आमच्या टूलरूमच्या फळ्याशेजारी लावतो.”